मैदानावरचे पक्षांतर

अमेरिकी फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चाल एकाच माणसाच्या हातून सुरू होते. अंडाकृती चेंडू मधल्या खेळाडूच्या पायांमधून मागे येतो तो क्वार्टरबॅककडे. तो कोणाच्या हाती द्यायचा, किती लांब फेकायचा की छातीशी धरून स्वतःच पळत सुटायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असतात. इतर बऱ्याच जागांवर दोघे-तिघे आलटून पालटून खेळतात, क्वार्टरबॅकची जागा मात्र सहसा वाटून घेता येत नाही. त्यामुळे प्रत्येक विद्यापीठात एक जण खेळतो आणि त्याच्याच तोलामोलाचे एक-दोघे बाकावर बसून राहतात. विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांत क्वार्टरबॅक ठळकपणे दिसतात, त्याचे मूळ कारण हे. त्याच्या जाण्याने प्रेक्षक सर्वाधिक दुखावतो तोही याच कारणाने, कारण मोसमभर त्याने त्या एकाच मुलाकडे डोळे लावलेले असतात.

हा प्रेक्षक कोण, हे आधी समजून घ्यायला हवे. ओक्लाहोमा, अलाबामा, नेब्रास्का या राज्यांत व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य राष्ट्रीय लीगचा संघच नाही. राज्याचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ. ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही असे शेतकरी, ट्रकचालक आणि दुकानदारही शनिवारी त्याच रंगाचा सदरा घालतात. मुंबईच्या वानखेडे मैदानात साधारण ३३ हजार लोक बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे आणि टेनेसी विद्यापीठाचे नॉक्सव्हिल येथील नेलंड स्टेडियमही एक लाखाच्या वरचे आहे. तिकिटाची जागा आजोबांकडून नातवाकडे येते. अशा घरांत क्वार्टरबॅकचा उल्लेख आडनावाने क्वचित होतो. तो ‘आपला जो’, ‘आपला बेकर’ असतो. तोच मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्या रंगाच्या सदऱ्यात दिसला की ‘गद्दार’ हा शब्द ओठांवर यायला वेळ लागत नाही.

मात्र खेळाडूने एकाच विद्यापीठाशी बांधलेले राहावे ही अपेक्षा खेळाइतकी जुनी नाही. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला. त्यानंतरची तीन-चार दशके तगडे खेळाडू गावोगाव फिरत, मिळेल त्या कॉलेजकडून खेळत. त्यांना भटके खेळाडू म्हणत. नाव पटावर घालायचे, मोसम संपला की निघून जायचे, आणि जमल्यास पुढच्या वर्षी दुसरीकडे नाव घालायचे, असा तो प्रकार होता.

यातले सर्वांत गाजलेले उदाहरण फील्डिंग योस्ट यांचे. १८९६ मध्ये ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी होते आणि तिथल्या संघात खेळत होते. त्या शरद ऋतूत त्यांच्या संघाची गाठ पेनसिल्व्हेनियातील लाफायेट कॉलेजशी पडली. थोड्याच दिवसांत योस्ट लाफायेटच्या सदऱ्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध उभे राहिले. पेनने तोवर सलग तिसाहून अधिक सामने जिंकले होते. लाफायेटने तो सामना ६-४ असा जिंकला, आणि योस्ट वेस्ट व्हर्जिनियाला परतून १८९७ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. १९०१ पासून ते मिशिगनचे प्रशिक्षक होते आणि या खेळाच्या इतिहासातील थोरांत त्यांची गणना होते. एका सामन्यापुरते संघ बदलणे ही त्या काळी माणसाच्या नावाला कायमची चिकटणारी गोष्ट नव्हती.

नियम आले ते विद्यापीठांच्या अब्रूपोटी. प्राध्यापकांना वर्गात न दिसणारे विद्यार्थी मैदानावर दिसत होते. १८९५-९६ मध्ये मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांनी एक परिषद स्थापली. तिलाच पुढे बिग टेन हे नाव मिळाले. खेळाडू खरोखर शिकणारा असावा, हा तिचा पहिला आग्रह होता. १९०५ च्या मोसमात मैदानावरच्या मृत्यूंची संख्या वाढली तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. त्यातून १९०६ मध्ये जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तीच १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. त्याच १९०६ साली मध्य-पश्चिमेच्या परिषदेने खेळण्यापूर्वी एक वर्ष विद्यापीठात वास्तव्य आणि एकूण तीनच मोसम खेळण्याची मुभा, असे नियम केले. या नियमांवरून वाद होऊन मिशिगन परिषदेबाहेर पडले आणि १९१७ मध्ये परत आले. एक वर्ष थांबण्याची ही अट पुढे या ना त्या स्वरूपात देशभर पसरली. विद्यापीठ बदलणाऱ्याने नव्या ठिकाणी एक मोसम बाकावर काढायचा, हा दंडक बनला.

या दंडकाने प्रेक्षकाचे मन घडवले. दोन-तीन पिढ्यांनी असा खेळ पाहिला की ज्यात अठराव्या वर्षी आलेला मुलगा बाविसाव्या वर्षी निरोप घेतो आणि शेवटच्या घरच्या सामन्याला आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत येतो. जाणे महाग होते म्हणून बहुतेक मुले राहिली. ती राहिली याचा अर्थ लोकांनी निष्ठा असा लावला. त्या निष्ठेत खरे प्रेम नव्हते असे नाही, पण तिला कुंपण होते आणि ते कुंपण प्रेक्षागारात बसलेल्या प्रेक्षकाला दिसत नव्हते. प्रशिक्षकांना मात्र कुंपण नव्हते. ते हवे तेव्हा दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकत होते आणि जातही होते.

दुसऱ्या महायुद्धात हे कुंपण काही काळ आपोआप पडले. नौदलाच्या प्रशिक्षण योजनेतील तरुण जिथे पाठवले जातील तिथे शिकत आणि खेळत. विस्कॉन्सिनचा लाडका धावपटू एलरॉय हर्श १९४३ मध्ये असाच मिशिगनकडून खेळला. बदली त्याच्या मर्जीची नव्हती आणि देश युद्धात होता. तोच हर्श १९६९ मध्ये विस्कॉन्सिनचा क्रीडा संचालक म्हणून परतला आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिला.

शांततेच्या काळातील बदल्यांत ट्रॉय एकमनची गोष्ट पुढच्या अनेकांना मापदंड ठरली. एकमन ओक्लाहोमातल्या हेन्रिएटा या लहान गावात वाढला आणि राज्याच्या विद्यापीठात गेला. प्रशिक्षक बॅरी स्वित्झर यांचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर देणारा होता. एकमनचा हात मात्र फेकणाऱ्याचा. १९ ऑक्टोबर १९८५ रोजी मायामीविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय मोडला. त्याच्या जागी जमेल होलिवे हा पहिल्या वर्षाचा, चपळ पळणारा मुलगा आला आणि त्या मोसमात ओक्लाहोमा राष्ट्रीय विजेता झाला. एकमनला परत यायला जागाच उरली नाही. स्वित्झर यांनी स्वतः मध्ये पडून त्याला कॅलिफोर्नियात यूसीएलएमध्ये जागा मिळवून दिली. १९८६ चा मोसम त्याने नियमाप्रमाणे बाहेर काढला, पुढच्या दोन मोसमांत संघाला २० विजय मिळवून दिले आणि १९८९ मध्ये व्यावसायिक निवडीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. ओक्लाहोमात त्याच्याविषयी कटुता राहिली नाही. प्रशिक्षकाने त्याला हात धरून पाठवले होते, तो शत्रूच्या दारात गेला नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याच्या जाण्याने संघाचे काही अडले नव्हते. पुढे डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघात स्वित्झर प्रशिक्षक आणि एकमन क्वार्टरबॅक असे दोघे पुन्हा एकत्र आले.

या तीन गोष्टी, म्हणजे कोणाच्या संमतीने गेला, कुठे गेला आणि मागे काय ठेवून गेला, पुढच्या प्रत्येक प्रकरणात फिरून फिरून येतात. सोडून जाणे एवढ्यानेच प्रेक्षक पेटत नाही.

बेकर मेफील्डच्या बाबतीत यांपैकी पहिल्या दोन्हींचे उत्तर प्रतिकूल होते. २०१३ मध्ये तो शिष्यवृत्तीशिवाय टेक्सस टेक विद्यापीठाच्या संघात शिरला आणि पहिल्याच वर्षी पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. मोसमाच्या अखेरीस मतभेद झाले आणि २०१४ च्या जानेवारीत तो ओक्लाहोमात दाखल झाला, तेही शिष्यवृत्ती नसतानाच. ओक्लाहोमा त्याच परिषदेतला, दरवर्षी समोर येणारा प्रतिस्पर्धी होता. त्याला ताबडतोब खेळू द्यायला जुन्या विद्यापीठाने अनुकूलता दाखवली नाही. २०१४ चा मोसम वाया गेला आणि परिषदेच्या नियमाने खेळण्याचे एक वर्षही कापले गेले. जून २०१६ मध्ये शिष्यवृत्ती नसलेल्यांना हा नियम लावू नये असा प्रस्ताव परिषदेच्या दहा विद्यापीठांपुढे आला. पहिल्या दिवशी मते ५-५ अशी समान पडली. दुसऱ्या दिवशी सुधारित प्रस्ताव ७-३ ने मंजूर झाला आणि मेफील्डला ते वर्ष परत मिळाले.

२२ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री तो लबक येथे जुन्या मैदानावर उतरला तेव्हा संपूर्ण प्रेक्षागार त्याची हुर्यो उडवत होते. त्या रात्रीचा खेळ हा या खेळाच्या नोंदवहीतला एक चमत्कार आहे. मेफील्डने ५४५ यार्ड फेक आणि सात टचडाउन, म्हणजे चेंडू अंतिम रेषेपार पोचवणाऱ्या फेकी, नोंदवल्या. समोर टेक्सस टेकचा क्वार्टरबॅक होता पॅट्रिक माहोम्स; त्याने ७३४ यार्ड चेंडू फेकला आणि पळून मिळवलेल्या अंतरासह त्याची बेरीज ८१९ यार्ड झाली. ओक्लाहोमाने सामना ६६-५९ असा जिंकला. टेक्सस टेककडे अमेरिकेतला पुढचा सर्वांत मोठा क्वार्टरबॅक उभा होता, तरीही प्रेक्षागारातल्या लोकांना बोचत होता तो गेलेला. गेलेल्याची किंमत त्याच्या जागी आलेल्यावरून ठरते हा हिशेब एकमनच्या वेळी लागू पडला होता. लबकमध्ये तो लागू पडला नाही, कारण मेफील्ड शेजारच्या घरी राहायला गेला होता.

२००६ पासून एक वेगळी वाट खुली झाली होती. ज्याने पदवी पूर्ण केली आहे आणि खेळण्याचे वर्ष शिल्लक आहे, तो पदव्युत्तर शिक्षणासाठी दुसरीकडे जाऊन थांबण्याविना खेळू शकत होता. या वाटेला खरी प्रतिष्ठा दिली रसेल विल्सनने. उत्तर कॅरोलायना स्टेटचा हा क्वार्टरबॅक बेसबॉलही व्यावसायिक पातळीवर खेळत होता. वसंत ऋतूतला सराव त्याने चुकवणे प्रशिक्षक टॉम ओब्रायन यांना मान्य नव्हते आणि माइक ग्लेनन हा दुसरा गुणी क्वार्टरबॅक वाट पाहत होता. २०११ मध्ये विल्सन विस्कॉन्सिनला गेला, एकच मोसम खेळला आणि संघाला बिग टेन परिषदेचे विजेतेपद आणि रोझ बोल या मानाच्या सामन्यातली जागा मिळवून दिली. रॅली या उत्तर कॅरोलायना स्टेटच्या शहरातील प्रेक्षकांत राग वाटला गेला. तो मुलाच्या वाट्याला जितका आला तितकाच, किंबहुना जास्त, प्रशिक्षकाच्या वाट्याला आला. पदवी हातात असलेल्या मुलाला गद्दार म्हणणे लोकांना जड जाते. घरचे देणे फेडून तो निघालेला असतो.

जो बरो हा याच वाटेने गेलेला. ओहायो राज्यातील अथेन्स या डोंगराळ, गरीब भागातला मुलगा राज्याच्या मोठ्या विद्यापीठात तीन वर्षे बाकावर बसला. २०१७ च्या मोसमाआधी त्याचा हात मोडला, ड्वेन हॅस्किन्स हा दुसरा क्वार्टरबॅक पुढे गेला, आणि पदवी घेऊन बरो २०१८ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात आला. पहिले वर्ष बरे गेले. २०१९ च्या मोसमात त्याने ६० टचडाउन फेकले, संघ १५-० राहिला आणि १३ जानेवारी २०२० रोजी क्लेमसनला ४२-२५ असे हरवून राष्ट्रीय विजेता झाला.

नव्या गावाने परक्या मुलाला आपला कसा केला, याची एक खूण जपून ठेवण्यासारखी आहे. लुइझियानात फ्रेंच वसाहतीचा वारसा आडनावांत टिकून आहे. ‘ओ’ हा शेवटचा उच्चार तिथे चार अक्षरांनी लिहिला जातो. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी, घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्याआधी, बरो बोगद्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवरचे आडनाव त्या फ्रेंच वळणाने लिहिलेले होते. उच्चार तोच, अक्षरे लुइझियानाची. विद्यापीठाच्या बॅटन रूज येथील एक लाखाच्या मैदानात ते ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. दोन आठवड्यांनी मोसमातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक स्वीकारताना त्याने ओहायोतल्या जुन्या प्रशिक्षकांचे आभार मानले आणि अथेन्स परगण्यातल्या उपाशी मुलांविषयी बोलताना त्याचा कंठ दाटला. त्या भाषणानंतर तिथल्या अन्नपेढीकडे देणग्यांचा ओघ लागला. ओहायो स्टेटच्या लोकांनीही त्याला आपल्यातला मानणे सोडले नाही. दोन्ही राज्यांना तो पुरला.

त्याच वर्षी हाइझमनच्या मतांत दुसरा आलेला जेलन हर्ट्स हा निरोपाचा सर्वांत सुंदर नमुना. अलाबामाचा तो दोन वर्षे क्वार्टरबॅक होता. ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटात जॉर्जियाविरुद्ध राष्ट्रीय अंतिम सामना चालू असताना मध्यंतराला प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवले आणि पहिल्या वर्षाच्या तुआ टॅगोवायलोआला उतरवले. तुआने जादा वेळेत सामना २६-२३ असा जिंकून दिला. हर्ट्स बाजूला उभा राहून सहकाऱ्यांना मिठ्या मारत होता. सगळ्यांना वाटले की तो आता जाणार. तो गेला नाही. १ डिसेंबर २०१८ रोजी, त्याच अटलांटाच्या मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध, परिषदेच्या अंतिम सामन्यात तुआ जखमी झाला आणि पिछाडीवरच्या संघाला हर्ट्सने ३५-२८ असा विजय मिळवून दिला. त्याच डिसेंबरात त्याने पदवी घेतली आणि जानेवारीत ओक्लाहोमाला जाण्याचे जाहीर केले. अलाबामातून त्याच्यामागे गेले ते आशीर्वाद. तो थांबला होता, अपमान गिळून थांबला होता, आणि लोकांनी ते पाहिले होते.

अशा निरोपांचा काळ त्याच वर्षी संपत आला. तोवर खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठाशी बोलायलाही आपल्या विद्यापीठाची परवानगी लागे, आणि विद्यापीठे अमुक-तमुक ठिकाणी जायचे नाही अशा याद्या देत. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी एनसीएएने ट्रान्सफर पोर्टल सुरू केले. ही एक नोंदवही आहे. खेळाडूने नाव घालायला सांगितले की विद्यापीठाने ते घालायचे, आणि मग कोणताही प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतो. परवानगीचा प्रश्न संपला. एप्रिल २०२१ मध्ये फुटबॉलपटूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी २१ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व चेहऱ्यावर पैसे मिळवता येऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये काही राज्यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या बदलीलाही थांबण्याची अट राहिली नाही. २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यासात नापास नसलेल्याला कितीही वेळा जाता येते.

सहा वर्षांत शंभर वर्षांचे कुंपण गेले. प्रेक्षकाची सवय मात्र सहा वर्षांत बदलत नाही, आणि नॉर्मन या ओक्लाहोमाच्या विद्यापीठ-गावात ती ताणली गेलेली दिसते.

२५ सप्टेंबर २०२१ रोजी वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धच्या घरच्या सामन्यात ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक स्पेन्सर रॅटलर याची फेक चुकली तशी विद्यार्थ्यांच्या बाकांवरून आरोळी उठली: आम्हाला केलेब हवा. केलेब विल्यम्स हा पहिल्या वर्षाचा राखीव क्वार्टरबॅक होता. दोन आठवड्यांनी टेक्ससविरुद्ध पिछाडीवर असताना प्रशिक्षक लिंकन रायली यांनी त्याला उतरवले, आणि ओक्लाहोमाने तो सामना ५५-४८ असा खेचून आणला. रॅटलर मोसम संपताच साउथ कॅरोलायनाला गेला. नॉर्मनच्या प्रेक्षकांनी स्वतःच ज्याला बाहेरची वाट दाखवली त्याच्याबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहीत. पण २८ नोव्हेंबरला रायलीच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात निघून गेले. ३ जानेवारी २०२२ रोजी विल्यम्सने पोर्टलमध्ये नाव घातले, राहण्याची शक्यता उघडी ठेवली, महिनाभर सगळ्या राज्याला वाट पाहायला लावली आणि १ फेब्रुवारीला रायलींच्या मागे जाण्याचे जाहीर केले. वर्षाच्या अखेरीस त्याने तिथे हाइझमन जिंकला. ओक्लाहोमाच्या रागाचा मोठा वाटा रायलींकडे गेला आणि ते न्याय्य होते. चाळिशीकडे झुकलेल्या, करार केलेल्या माणसाचे जाणे आणि वीस वर्षांच्या मुलाने आपल्या गुरूमागे जाणे यांत फरक आहे. तरी महिनाभर ताटकळत ठेवल्याचा सल मुलाच्याही नावावर जमा झाला.

त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, २०२२ च्या एप्रिलमध्ये, त्याच नॉर्मनमध्ये पंचाहत्तर हजारांहून अधिक लोक वसंत ऋतूच्या सराव सामन्याला जमले. त्या दिवशी बेकर मेफील्डच्या कांस्य पुतळ्याचे अनावरण झाले. टेक्सस टेकमधून बोलावल्याविना आलेल्या, २०१७ मध्ये ओक्लाहोमाला हाइझमन मिळवून देणाऱ्या त्या मुलाचा पुतळा आता मैदानाबाहेर उभा आहे. लबकचा गद्दार तो नॉर्मनचा सुपुत्र. एकाच गावात, एकाच वसंतात, गेलेल्याचा राग आणि आलेल्याचा गौरव शेजारी शेजारी नांदत होते. यात ढोंग नाही. प्रेक्षक न्यायाधीश नसतो. तो घरातला असतो, आणि घरातला माणूस आल्या-गेल्याचा हिशेब घराच्या उंबऱ्यावरून करतो.

ॲरिझोना स्टेट सोडून २०२२ मध्ये लुइझियाना स्टेटला गेलेल्या जेडन डॅनियल्सच्या बाबतीत तर राग सहकाऱ्यांपर्यंत पोचला. त्याचे कपाट रिकामे करून सामान फेकतानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पुढच्या वर्षी त्यानेही हाइझमन जिंकला. २०१७ ते २०२३ या सात वर्षांतल्या सात हाइझमन विजेत्यांपैकी मेफील्ड, काइलर मरे, बरो, विल्यम्स आणि डॅनियल्स असे पाच जण विद्यापीठ बदललेले क्वार्टरबॅक आहेत.

पैसा उघडपणे आल्यावर रागाची जातच बदलली, आणि ती नॉक्सव्हिलमध्ये सर्वांत स्पष्ट दिसली. टेनेसीच्या लोकांना बाहेरून आलेला क्वार्टरबॅक नवा नव्हता. हेंडन हुकर व्हर्जिनिया टेकमधून आलेला. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याच्या संघाने अलाबामाला ५२-४९ असे हरवले. अलाबामावरचा तो २००६ नंतरचा पहिला विजय. लोकांनी मैदानात उतरून गोलपोस्ट उपटले, खांद्यावर घेऊन रस्त्याने नेले आणि टेनेसी नदीत सोडून दिले.

नंतरची आशा होती कॅलिफोर्नियातून आणलेला निको इयामालियावा. त्याला आणण्यासाठी विद्यापीठाच्या चाहत्या-देणगीदारांनी पैसा उभा केला होता. आकडा ऐंशी लाख डॉलरच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. एनसीएएने चौकशी सुरू केली तेव्हा टेनेसी राज्याच्या महाधिवक्त्यांनी व्हर्जिनियाच्या साथीने संघटनेवर दावा लावला आणि २३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने एनसीएएला अशा पैशाविषयीचे नियम राबवण्यापासून रोखले. एका क्वार्टरबॅकच्या पाठीशी सबंध राज्य उभे राहिले. त्या मोसमात संघ राष्ट्रीय बाद फेरीत पोचला. एप्रिल २०२५ मध्ये मोबदला वाढवण्याची बोलणी चालू असल्याच्या बातम्या आल्या, आणि ११ तारखेला इयामालियावा सरावाला आला नाही. दुसऱ्या दिवशी नेलंडमधल्या वसंत ऋतूच्या कार्यक्रमात प्रशिक्षक जॉश ह्यूपल यांनी त्याच्याविना पुढे जात असल्याचे सांगितले. संघाच्या बोधचिन्हापेक्षा कोणी मोठा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. लोकांनी ते उचलून धरले.

या रागात जुन्या गद्दारीच्या आरोपापेक्षा वेगळे काही होते. पूर्वी प्रेक्षकाने तिकीट आणि टाळी दिलेली असे. आता त्याने, किंवा त्याच्या ओळखीच्या कुणीतरी, थेट त्या मुलाच्या खात्यात पैसे घातले होते. दिलेल्या शब्दाचा सौदा मोडल्याची ती चीड होती. दुसरीकडे, ज्या मुलाकडून गाव व्यावसायिकाची कामगिरी मागते त्याने व्यावसायिकासारखी बोलणी केली, हेही खरे आहे. इयामालियावा घराजवळच्या यूसीएलएमध्ये गेला. यूसीएलएचा नियोजित क्वार्टरबॅक जोई अग्विलार त्यामुळे पोर्टलमध्ये गेला आणि थेट टेनेसीत आला. जणू दोन विद्यापीठांनी अदलाबदल केली. शरद ऋतूत नॉक्सव्हिलने अग्विलारला आपला म्हणून टाकले. पैसा देणगीदारांपुरताही राहिला नाही: ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटण्याची मुभा मिळाली.

पोर्टलने ज्यांचे भाग्य उजळले त्यांना या साऱ्याची दुसरी बाजू माहीत आहे. इंडियाना हा मोठ्या परिषदांमधल्या सर्वाधिक पराभव पाहिलेल्या संघांपैकी एक होता. ब्लूमिंग्टन या त्याच्या गावातले लोक बास्केटबॉलची वाट पाहत फुटबॉलचा मोसम काढत. २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून प्रशिक्षक म्हणून आले आणि येताना तिथले १३ खेळाडू घेऊन आले. २०२५ साठी त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आणला. तो इंडियानाचा पहिला हाइझमन विजेता ठरला. १९ जानेवारी २०२६ रोजी मायामी गार्डन्समध्ये, त्याच्या बालपणीच्या शहराच्या वेशीवर, इंडियानाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक वर्षभरापूर्वी जॉर्जिया सोडून आलेला होता. प्रेक्षागारातल्या गडद लाल रंगातल्या हजारो लोकांमध्ये, आयुष्यभर हरणारा संघ पाहिलेली सत्तर-पंचाहत्तरीची माणसे होती.